आबांचा लोखंडी घोडा

आमच्या आबांनी दुष्काळात मेंढरं विकली आणि त्या पैशातून घोडा घेतला. घोडा लोखंडी होता.

पाचोडकडचं आमचं रान त्या साली असं वाळलं होतं की मेंढरं एकमेकांची लोकर चघळायला लागली. शेवटी आबा कळप विकून मुकुंदवाडीत माझ्या खोलीवर आले. मी तेव्हा चिकलठाण्याला एका कंपनीत कामाला. आबांना रिकामं बसवेना. त्यातच शहरात थेटराशेजारचं एक जुनं खेळाचं दुकान बंद पडत होतं. नाणं टाकलं की चालणारी तिथली यंत्रं भंगाराच्या भावात निघाली होती. आबा तीन घेऊन आले: पत्र्याची बदकं मारायची बंदूक, वजनाबरोबर भविष्याचं तिकीट देणारा काटा, आणि लहान पोरांना वर-खाली झुलवणारा घोडा.

"चारा नको, पाणी नको, लांडग्याचं भ्या नाय," आबा घोड्याची मान थोपटत म्हणाले. "असं जनावर आधी का नाय निघालं?"

खोलीपुढं पत्र्याचं शेड टाकलं. घरमालकीणबाईंच्या खिडकीतून वायर ओढली. आजूबाजूला सारख्या नव्या कॉलन्या उठत होत्या (नळाचा पत्ता नव्हता, पण कमानीवर नाव 'गंगासागर'), त्यामुळं पोरांना तोटा नव्हता. धंदा जोरात चालला.

अशात माझ्यासाठी सिल्लोडकडचं स्थळ आलं. मुलीचे वडील घर बघायला आले. मुलगी, छाया, नर्सिंगच्या परीक्षेसाठी शहरात आलेली, म्हणून तीही सोबत.

"ह्या धंद्याला म्हणायचं काय?" पाव्हण्यांनी शेड न्याहाळत विचारलं.

आबांनी त्यांना थेट काट्यावर उभं केलं. तिकीट निघालं. पाव्हण्यांनी ते मोठ्यानं वाचलं, "नवीन नातं जोडताना सावध राहा."

आबांचा चेहरा उतरला. "ते मशीन जुनं हाये," ते म्हणाले. "घोडा बघा. बस रे तू."

"आबा, तो बारक्या पोरांचा हाये."

"बस. पाव्हण्यांना मजबुती कळू दे."

बसलो. नवी कोरी पँट, गुडघे कानाशी. आबांनी नाणं टाकलं. काही नाही. दुसरं टाकलं आणि पेटीवर एक बुक्की घातली. आत काहीतरी कटकन मोडलं आणि घोडा उधळला. पोरांना तो झुलवायचा; मला मात्र सुपातल्या धान्यासारखं पाखडायला लागला.

"थांबंल आता," आबा म्हणाले.

तो थांबला नाही. उतरावं म्हटलं तर पँटची मोरी रिकिबीत अडकलेली. आबा बटण बंद करायला घरमालकीणबाईंकडं निघाले, तेवढ्यात कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला.

त्या हॉर्नपुढं नातंगोतं राहत नसे. घरमालकीणबाई दाराला कुलूप घालून हंडे घेऊन पळाल्या. त्यांच्यामागं आबा पळाले, आधी किल्लीसाठी आणि मग, रांग बघून, बादली घेऊन. पाव्हण्यांनीही आमचीच एक घागर उचलली. छायानं पदर खोचून हंडा घेतला.

मी घोड्यावर.

सगळी कॉलनी रांगेतून मला बघत होती. टँकरवाला तर इतका रंगला की त्याच्या हातातला पाइप सुटला आणि पाणी रस्त्यावर.

"अहो, त्या घोडेवाल्याला कुणीतरी झाका," एक बाई म्हणाली. "त्याच्यापायी पाणी चाललंय."

तेवढ्यात छाया परत आली. भरलेला हंडा तिनं सांभाळून खाली ठेवला.

"उतरत का नाय?"

"पँ-पँट अड-अडकली."

"पँट महत्त्वाची का हाडं?"

"पा-पाव्हणे हायेत."

"माझेच हायेत," ती म्हणाली, आणि कमरेला धरून तिनं असा हिसका दिला की मी जमिनीवर आलो आणि पँटचा एक पाय घोड्यावर राहिला. तो पाय पुढं किल्ली मिळेपर्यंत एकटाच दौडत होता.

पाव्हणे जाताना "कळवतो" एवढंच म्हणाले. ज्या आवाजात म्हणाले तो ऐकून आबा दोन घास कमी जेवले.

पण होकार आला, आणि तोही छायाच्या हट्टानं. मला वाटलं, एवढ्या गोंधळातही पोरीनं माझ्यातला काहीतरी गुण हेरला. ह्या समजुतीवर मी कितीतरी वर्षं सुखात काढली. रस्ता रुंद झाला, शेड गेलं, यंत्रं पुन्हा भंगारात गेली, तरी समजूत शाबूत होती. मग परवा चहा पिताना कुठून बुद्धी झाली आणि विचारलं, "त्या दिवशी तू माझ्यात बघितलं तरी काय?"

"काय बघणार?" बशी पुसत छाया म्हणाली. "तुमचं तोंड घटकाभर एका जागी थांबलं असतं, तर बघून इचार केला असता."