दोन्ही हात हँडलवर

माझी वहिनी विजयलक्ष्मी सायकल शिकते आहे हे कळल्यावर अख्ख्या कुंभकोणमनं तोंडात बोटं घातली. घालू देत. लोकांना दुसरं काम नव्हतं, आणि वहिनीला लोकांकडे बघायला वेळ नव्हता. मला तिचा तेव्हाही अभिमान होता, आजही आहे.

माझा भाऊ राधाकृष्ण गेला तेव्हा ती विशीत होती. कोपऱ्यात बसून राहायचं तिनं साफ नाकारलं आणि मास्तरणीची परीक्षा दिली. छत्तीस साली तिला तिरुविडैमरुदूरच्या मुलींच्या शाळेत जागा मिळाली. पण जायचं कसं? आगगाडी पोचेपर्यंत शाळा भरून जायची, आणि सुनेनं बसमध्ये परक्या पुरुषांना खेटून बसणं बाबांना चालायचं नाही. उरली दादाची सायकल. मधल्या दांडीची होती, पण आम्हा मराठी बायकांच्या नऊवारीच्या काष्ट्याला त्या दांडीची अडचण कसली?

आमचे बाबा, अप्पाजी, स्वतः जुने सायकलवाले. त्यांनी अट घातली. "मी एकवार संगं येऊन बघतों. रस्त्यांत मोटारी माजल्यात. नीट चालविलीस तर शाळा, नाहीं तर घर."

म्हणजे वहिनीचं सगळं आयुष्य त्या एका फेरीवर येऊन ठेपलं. बाबांनी मला घोड्याच्या जटक्यात बसवून मागून यायला सांगितलं, साक्षीदार म्हणून.

वहिनी झकास चालवत होती. रस्त्याची डावी बाजू सोडत नव्हती. बैलगाडीला मागे टाकायचं तर आधी वळून बघायची, मग उजवा हात बाहेर काढायची. बस मागून आली की न डगमगता सरळ रेषेत जायची. शेजारून आपल्या सायकलवर चाललेल्या बाबांची तऱ्हा वेगळी. आमच्याकडे वळणावळणाला देऊळ, आणि दिसेल त्या देवळासमोर बाबा हँडल सोडून दोन्ही हात जोडत. वर डोळेही मिटत! गावात फक्त बैलगाड्या होत्या तेव्हापासूनची सवय. वहिनी देवळापाशी हात सोडत नव्हती, नुसती घंटी वाजवत होती.

तिरुनागेश्वरम्‌च्या फाट्यावर बाबा उतरले. चेहरा लाल.

"इतकीं देवळें गेलीं, एकदांही हात जोडले नाहींस. असली सून मी गांवोगांव धाडणार नाहीं. पोदुम, पुरे झालें, चल घरीं."

वहिनी मात्र शांत होती.

"मामंजी, आपल्या विठोबाच्या देवळांत पाऊल टाकलं कीं आधीं काय करितों आपण? घंटा वाजवितों ना? मीही तेंच केलें. हात जोडायचे तर खालीं उतरून जोडीन."

"ही सायकल-वंडीची घंटी! देवाला ऐकूं जाते कां?" बाबा फणकारले आणि सायकल वळवून घराकडे निघाले. आम्ही मागे. मला त्यांचा असा राग आला होता की विचारू नका.

थोडं पुढे कोपऱ्यावर पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, छोटं देऊळ होतं. मघाशी हात जोडले होते, तरी बाबांनी पुन्हा जोडले, डोळे मिटले. सायकल हळूहळू रस्त्याच्या मधोमध सरकली. तेवढ्यात वळणावरून बस आली, दुसऱ्या बसचे उतारू पळवायच्या घाईत असलेली. वहिनीनं घंटी अशी कर्कश वाजवली की आमचा घोडासुद्धा दचकला. "मामंजी, डावीकडे!"

बाबांनी डोळे उघडले, हँडल धरलं आणि सायकलसकट भाताच्या खाचरात गेले. बस धूळ उडवून निघून गेली.

आम्ही धावलो. कुठं लागलं नव्हतं, पण धोतर, मिशी, जानवं, सगळं चिखलात. मला हसू आलं आणि रडूही आलं. वहिनीनं त्यांना हात देऊन बाहेर काढलं, पदरानं त्यांचा चष्मा पुसून दिला. मी असते तर टोमणा मारल्यावाचून सोडलं नसतं.

बाबांनी सायकल उचलली, चाक फिरवून बघितलं. मग तोंड तिरुविडैमरुदूरकडे करून पुन्हा स्वार झाले. कुठं निघालात, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या देवळापाशी घंटी खणखणली. मी वहिनीकडे बघितलं. ती तर माझ्या जटक्याच्या बाजूनं चालली होती, तिचा अंगठा घंटीवर नव्हताच.

पुढे बाबा चालले होते. दोन्ही हात हँडलवर होते.