दाराकडे पाठ

आमच्या गावच्या सरांनी शाळा सुटल्यावर थांबून मला गणित शिकवलं, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. आपणही कुणाला तसंच शिकवावं म्हणून नोकरी सोडून विश्रांतवाडीत क्लास काढला. मुली तीनच आल्या. त्यातल्या एकीच्या मावशी रोज मागच्या बाकावर मटार सोलत थांबायच्या. शेंगेकडे न बघताच दाणे डब्यात पडायचे; नजर भाचीच्या वहीवर असायची. माझी मात्र दारावर. महिनाअखेर क्लास बंद करावा, असं मनात येऊ लागलं होतं.

एकदा जिन्यात पावलं वाजली आणि मी गणित अर्धवट सोडून दारापर्यंत गेलो. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ होते.

"अहो सर," मावशी म्हणाल्या, "न आलेल्यांची एवढी वाट बघता, आलेल्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

मुली हसल्या. मीही हसलो, पण कान गरम झाले.

दुसऱ्या दिवशी मी फळा दाराशेजारच्या भिंतीवर लावला. आता मुलींकडे तोंड केलं की दार पाठीमागे जायचं. मावशींनी ते पाहिलं, माझ्या टेबलावर दोन शेंगा ठेवल्या आणि मागे जाऊन बसल्या.

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जिन्यात अजूनही पावलं वाजतात. ती कुणाची, हे मला आता गणित संपल्यावर कळतं.