बिनगाडग्यांचा रहाट

माझा थोरला भाऊ दुखण्यातून उठला तो आत्याने काढलेल्या दृष्टीमुळे, असे पालघरजवळच्या आमच्या माहीमच्या घरात आजही सांगितले जाते. पुतण्याच्या मते श्रेय डॉक्टरांच्या इंजेक्शनांचे. पुतण्याचा तेव्हा जन्म झालेला नव्हता आणि आत्या दृष्ट काढताना डोळे मिटून घेत असे. अशा दोन साक्षीदारांवर किती विसंबायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. मी तिथे होतो, डोळे उघडे ठेवून होतो, आणि शरीर कसे चालते हे शिकवण्याचाच माझा व्यवसाय होता.

साठ सालानंतरची ती वर्षे. तारापूरला वीजकेंद्राचे काम निघाले होते आणि आमच्या बरोबरीची मुले तिकडे नोकऱ्या शोधत होती. मी पालघरच्या एका शाळेत व्यायामशिक्षक झालो होतो. दादाला मात्र वाडीतल्या पानवेलींपलीकडे काही दिसत नसे. त्या पावसाळ्यात त्याला विषमज्वर झाला. ताप उतरला तेव्हा त्याच्या पोटऱ्यांवरची कातडी सैल पिशवीसारखी लोंबत होती. घरच्यांचे निदान ठाम होते: रक्त आटले आहे, आता घाम गाळला तर उरलेलेही जाईल. म्हणून त्याला खाटेवर ठेवले, तूपभात भरवला, आणि तो दिवसेंदिवस अधिकच ढिला पडत गेला. वडिलांनी शेवटी सांगून टाकले की दिवाळीपर्यंत तो रहाटावर बसू शकला नाही, तर त्याला पालघरला मामांच्या कापडदुकानात पाठवायचे.

“कापड फाडत बसन्यापेक्षा ताप बरा होता,” दादा मला म्हणाला. तो हसत नव्हता.

आमच्या लहान विहिरीवर पायरहाट होता. फळीवर बसायचे, हातांनी चाकाचे वरचे दांडे ओढायचे, पायांनी खालचे रेटायचे. चाकावरच्या माळेतली मातीची गाडगी पाणी घेऊन वर येत. दोन माणसांचे काम वाटावे इतका तो जड फिरे. मी एका रविवारी माळेतली सगळी गाडगी सोडून बाजूला ठेवली आणि दादाला फळीवर बसवले.

“मास्तर, कोरडा रहाट फिरवताना कोनी बघितलं तर काय सांगू?”

“सांग, विहिरीचा उपास हाय.”

थोडा वेळ त्याने तो फिरवला. चेहऱ्यावर रंग चढला, कपाळ घामाने भिजले. तो खाली उतरला तोच आत्या मीठ-मिरच्या घेऊन हजर. दुखणाईत पोर उघड्यावर बसले, त्यावर कोणाचा तरी डोळा पडणारच. “उभा रा. दिष्ट निघेस्तोवर हलू नको,” तिने बजावले. दादा खांबासारखा उभा राहिला, आणि तिचे ओवाळणे पुरे होण्याआधीच पांढराफटक पडून जमिनीवर कोसळला.

घरची कथा इथून सुरू होते: दृष्ट इतकी जबर होती की तिने माणूस आडवा केला, आणि त्याला रहाटावर बसवणारा मी वैरी. मी तेव्हाही भांडलो, आजही भांडतो. हृदय रक्त पायांकडे धाडते. ते वर परत येण्यासाठी पोटऱ्यांच्या स्नायूंची मदत लागते. स्नायू आवळला की शिरेतले रक्त पिळून वर चढते आणि शिरेतल्या झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत. श्रम करताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. अशा वेळी माणसाला एकदम निश्चल उभे केले, तर रक्त पायांतच साठते आणि डोक्याला कमी पडते. दादा रहाटाने पडला नाही, उभे राहण्याने पडला.

वडील म्हणाले, “पुरे झालं. उद्या मामाला निरोप धाडतो.”

“तुमी दिवाळीपावेतो म्हनाला होता. दिवाळी अजून लांब हाय,” मी म्हणालो.

दिलेला शब्द त्यांना मोडवत नसे. ते वाडीत निघून गेले. राहिली आत्या.

“आत्या, चालत्या मानसाची दिष्ट निघत नाय काय?”

“निघंल की. पन काढनारी दमंल.”

“दमू दे. तुझापन व्यायाम होईल.”

“मेल्या, मला शाळेत घालतोस?” असे म्हणाली खरी, पण ऐकले. त्यानंतर रहाटावरून उतरताच दादा पानवेलींच्या वाफ्यांभोवती सावकाश चाले, आणि त्याच्या मागे आत्या मूठ फिरवत, धापा टाकत, मधून मधून “हळू रे, बैला” म्हणत. इतके प्रेम मी कोणत्याही औषधाच्या बाटलीत पाहिलेले नाही, हे मात्र मी मान्य करतो.

दादाचे पाय सोसू लागले तशी मी माळेत गाडगी वाढवत गेलो. सुरुवातीला त्याच्या मांड्या दुसऱ्या दिवशी ठणकत. मग ठणका ओसरला. उतरल्यावर मी त्याचे मनगट धरी. आधी नाडी कितीतरी वेळ धडधडत राही, पुढे वाफ्यांचा फेरा संपेपर्यंत शांत होऊ लागली. पोटऱ्या भरल्या, हाताला घट्ट लागू लागल्या. हे सारे खाटेवर झाले नसते. स्नायू मागणी करतो तेव्हाच शरीर पुरवठा वाढवते.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात माळ पूर्ण भरली. दादा फळीवर चढला आणि पन्हळीतून पाणी वाहू लागले. वडील कुदळ घेऊन पाटाशी येऊन उभे राहिले. पुतण्या सांगतो तसे त्यांचे डोळे भरून आले नव्हते. ते पाणी किती जोराने येते ते पाहत होते. खालचा वाफा भिजला तसा त्यांनी मातीचा बांध घालून पाट अडवला.

“दमलास काय?”

“नाय.”

“मग थांबू नको. वरच्या वाफ्याला पानी सोडतो,” वडील म्हणाले आणि वरच्या पाटाचे तोंड उघडायला गेले.