बडबडीचा आडवा टॅब

तर उशा काही अभ्र्यांत शिरेनात, इथवर आलं होतं. शिवणवर्गातल्या मुली एकेका उशीला दोघी दोघी भिडलेल्या. एक अभ्रा ओढतेय, दुसरी उशीला बुक्के मारतेय, आणि उशी अर्धी आत, अर्धी बाहेर, गाल फुगवून बसलेली. हा सगळा तमाशा दूर दुसऱ्या गावात, शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत, टॅबच्या पडद्यावर बघत होती त्या मुलींना शिकवणारी. म्हणजे बडबडी.

आता जिला जन्मापासून ऐकू येत नाही, जी तोंडानं एक शब्द बोलत नाही, तिचं नाव बडबडी कसं पडलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. नाव ठेवलं सासऱ्यांनी. सासरे म्हणजे दुकानाचे मास्तर, गळ्यात टेप आणि कानावर खडू. सून घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात मास्तरांच्या लक्षात आलं की ही हातांनी जितकं बोलते तितकं त्यांच्या सगळ्या खानदानात कुणी तोंडानं बोललेलं नाही. दुकानाच्या काचेतून समोरच्या घड्याळवाल्याच्या बायकोशी तिच्या गप्पा चालायच्या. मध्ये रस्ता, रस्त्यावर ट्रकांचे भोंगे. बाकीची माणसं घसा फोडून एकमेकांना विचारतायत, काय म्हणालास, काय म्हणालास, आणि ह्या दोघी काचेआडून निवांत अख्ख्या गल्लीची बित्तंबातमी एकमेकींना देतायत. मास्तर गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे, इतरांच्या सुना बोलता बोलता काम करतात, आमची बोलायला लागली की मशीनच बंद पडतं, कारण दोन्ही हात बोलण्यात गुंतलेले.

हातानं काज करावं तर तिनंच. काज म्हणजे बटण अडकवायचं भोक, पण तिनं केलेल्या काजाला भोक म्हणायला जीभ रेटत नाही. मास्तर गिऱ्हाइकाचा शर्ट उलटा करून दाखवायचे, की बघा, काजाची आतली बाजू कुठली ते ओळखा.

तिचं बोलणं ऐसपैस होतं. मोठी गोष्ट म्हटली की हात खांद्याबाहेर जायचे, लांबची म्हटली की कोपर सरळ. त्याला कारण होतं. लहानपणी शाळेत तिला हात मांडीखाली घेऊन बसवत. ओठांकडे बघ, ओठ हलव, हात आवर. तिथून सुटली ती अशी सुटली, की पुन्हा हात म्हणून आवरले नाहीत.

पुढं नणंदेच्या गावच्या शिवणवर्गात ऐकू न येणाऱ्या मुलींची तुकडी सुरू झाली. वर्गाच्या बाई हौशी, पण खुणांची भाषा नुकती कुठं शिकायला लागलेल्या. नणंद म्हणाली, आमच्या वहिनीला विचारा, टॅबवरून शिकवेल. बडबडीला आकाश ठेंगणं झालं. हातांनी शिकवायचं, आणि हातांनीच बोलणाऱ्या मुलींना! तिनं टॅबसाठी जाड कापडाचं स्टँड शिवलं आणि टॅब त्यात उभा केला, कपडे घालून बघायच्या खोलीतला आरसा असतो तसा. उभं आयुष्य उंच आरशासमोर गेलेली बाई, तिला दुसरं काय सुचणार.

पहिला धडा अभ्र्याचा. आणि उशा शिरेनात.

बडबडी चिडली. मी सांगितलं होतं, दोन्ही बाजूंना शिलाईसाठी बोटभर कापड जास्त सोडा म्हणून. तर पडद्यावर लांब वेणीची एक मुलगी पुढं झाली आणि हातांनी म्हणाली, सांगितलं असेल ताई, आम्हाला दिसलं नाही. नवरा शेजारी बसून बाईंचं बोलणं तिला खुणांनी सांगत होता. त्यानं पडद्याच्या कोपऱ्यातली तिची छोटी चौकट नीट बघितली आणि कपाळावर हात मारला. चौकटीत चेहरा होता, गळा होता, बांगड्या कधी येत, कधी जात. ‘दोन्ही बाजूंना’ म्हणून तिनं हात पसरले, ते पडद्याबाहेर गेले होते. मुलींना दिसलं ते एवढंच, की ताई डोळे मोठे करून काहीतरी महत्त्वाचं सांगतायत.

बाई भांडकुदळ नव्हत्या. नवऱ्याशी बोलताना त्यांनी सरळ सांगितलं, पुढच्या आठवड्यात आणखी एकदा बघू, नाहीतर गावातले शिंपी आहेत, ते बोलून शिकवतील, मला जमेल तसं मी खुणांनी सांगेन. त्यानं हे तिला सांगितलं तेव्हा तिनं फक्त मान हलवली. जिला बडबडी म्हणतात ती काही बोलली नाही, म्हणजे केवढं लागलं असेल.

मास्तरांनाही एव्हाना खुणा येत होत्या; त्यांनी त्यांच्या परीनं तोडगा काढला. म्हणाले, “सूनबाई, थोडे हात आवरून बोल, म्हणजे मावशील.”

तिनं करूनही बघितलं. कोपरं बरगड्यांना चिकटवली, बोटं हनुवटीखाली आणली, आणि छोट्या चौकटीकडे बघत अभ्रा समजावू लागली. नवरा म्हणाला, तोंडात घास धरून बोलावं तसं दिसतंय. ती बघत राहिली. चौकटीत तिला शिवणकाम शिकवणारी बाई दिसत नव्हती. हात मांडीखाली घेऊन बसलेली मुलगी दिसत होती. तिनं टॅब पालथा घातला आणि कटिंगच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

टेबलावर मास्तर एका जाड्याजुड्या गिऱ्हाइकाचा शर्ट बेतत होते. पाठीचा भाग काही कापडाच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, बसेना. मास्तरांनी नेहमीसारखं कापड फिरवलं, आडवं केलं, आणि बेत झकास बसला. बडबडीनं टेबलावर थाप मारली. मास्तर दचकले, खडू कानावरून खाली पडला. ती म्हणाली, म्हणजे तिचे हात म्हणाले, पन्हा कमी पडला तर तुम्ही गिऱ्हाईक कापत नाही, कापड फिरवता. मग माझेच हात का कापायला निघालात?

मास्तरांनी खडू उचलून पुन्हा कानावर ठेवला. मग असे हसले की पोट टेबलाला लागलं. नंतर कितीतरी दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, शिकवलेलं असं फेडते आमची सून.

टॅब आडवा केला. नवरा पुढच्या दुकानात फोन घेऊन बसला, कसं दिसतंय बघायला. तर फोनवर ती आडवी पडून बोलतेय, अंथरुणाला खिळल्यासारखी. मास्तर बाकड्यावर कलंडले आणि मान वाकडी करून म्हणाले, आता सरळ दिसतेय, काही अडचण नाही. मग नवऱ्याच्या डोक्यात उजेड पडला, की पडदा फिरू नये म्हणून टॅबला आतून कुलूप घातलेलं असतं, ते काढायचं राहिलंय. काढलं. चित्र गर्रकन फिरून उभं राहिलं आणि दोन्ही बाजूंना केवढी जागा मोकळी झाली! बडबडीनं हात पसरले. कोपरं आत, मनगटं आत, बोटांची टोकंसुद्धा आत. तिनं ते हात बराच वेळ खाली घेतलेच नाहीत.

आता चार्जरची वायर खालून न येता कुशीला, म्हणजे बाजूला, यायला लागली, म्हणून तिनं स्टँड उसवून नवं आडवं शिवलं आणि वायरीसाठी कुशीला काज केलं. मास्तर चष्मा लावून ते काज बघून आले. सुटाला शोभेल असं काज, आणि केलंय वायरीला.

दुसऱ्या धड्याला बाईंनीही त्यांचा टॅब आडवा ठेवला. बडबडी बसली ती पैस घेऊनच. ‘दोन्ही बाजूंना’ म्हणून तिनं हात पसरले, आणि पलीकडे मुलींनी तसेच हात पसरून दाखवले, शेजारणीच्या नाकाला लागेपर्यंत. मग कापणं झालं, शिवणं झालं. उशा आल्या. पहिली उशी अभ्र्यात अशी गेली की लांब वेणीवालीनं ती पुन्हा बाहेर काढली आणि पुन्हा घातली, केवळ मौज म्हणून. मग सगळ्या मुलींनी दोन्ही हात वर करून पंजे फिरवले. ऐकू न येणाऱ्यांच्या टाळ्या अशा असतात. पडदाभर हात नुसते.

मास्तर दारात उभे होते. त्यांनीही हात वर करून फिरवले, एका हातात कात्री तशीच.

बाईंनी नवऱ्याला सांगितलं, ताईंना विचारा, हा वर्ग कायमचा घ्याल का? त्यानं विचारलं. बडबडीनं पडद्याकडे नीट बघितलं. मुली शाळेसारख्या एकीमागे एक बसल्या होत्या. पुढच्या रांगेचे हात दिसत होते, मागच्यांचे नुसते केस. मग तिनं उत्तर दिलं, चांगले ऐसपैस हात करून, आणि नवऱ्यानं त्यातला एक शब्द इकडचा तिकडे न करता बाईंना सांगितलं:

“घेते. पण मुलींना एकीमागे एक बसवू नका, शेजारी शेजारी बसवा. माझे हात त्यांना दिसले, आता त्यांचे मला दिसू देत. एकटीनंच बडबडायचं असतं तर मी आरशासमोर बसले नसते का?”