माझीच पाटी मी मोठ्याने वाचली

बुधवारी सकाळी आमच्या नागावच्या अंगणात एक प्रकार घडला. तसा गमतीचाच, फक्त माझी गंमत झाली... म्हणून दोन दिवस कुणाला सांगितला नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि फावल्या वेळात एक छोटी वेबसाइट चालवते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. अलिबाग, नागाव, थळ इथल्या भरती-ओहोटीच्या वेळा, बस एवढंच त्यात. छापील तक्त्यातले आकडे घ्यायचे, त्यात प्रत्येक खाडीसाठी काही मिनिटं इकडेतिकडे करायची, जेट्टीवर विचारून खात्री करायची आणि टाइप करायचं... आठ वर्षं हेच चाललंय.

साइटचा वर्षाचा खर्च जाहिरातींतून निघायचा. नफा वगैरे नाही, पण पदरचं काही जात नव्हतं. या वर्षी मात्र वाचक वाढले आणि जाहिराती दिसणं निम्म्याहून खाली आलं. कारण उघड होतं, लोकांच्या फोनमध्ये जाहिराती अडवणारे अॅड ब्लॉकर आले होते.

यात मी फार दुखावले वगैरे नाही. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर तीन वर्षांपासून ब्लॉकर आहे, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतंच... पण महिनाअखेरीला साइट रिन्यू करायची होती. करायची की सरळ बंद करायची, एवढाच प्रश्न होता.

शेवटचा उपाय म्हणून सोमवारी मी पडदा टाकला. ज्याच्या फोनमध्ये ब्लॉकर असेल त्याला वेळांऐवजी एक पाटी दिसणार. मजकूर माझाच होता, जरा तोऱ्यातच लिहिलेला.

बुधवारी हिरामावशी आली. ती थळची, वीसेक वर्षं आमच्याकडे मासळी घेऊन येते आणि सगळ्यांनाच अगं-तुगं करते. टोपली खाली ठेवायच्या आधीच तिने फोन माझ्यापुढे धरला.

"बाई, यो बग काय लिवलंय. दोन दिस झालं, पान्याचा टाइमच दाखवीत न्हाय."

मी चष्मा लावला... आणि माझीच पाटी मला मोठ्याने वाचून दाखवावी लागली. 'तुम्ही आमच्या मेहनतीचा मोबदला अडवत आहात. कृपया ब्लॉकर बंद करा.' सोमवारी लिहिताना हे वाक्य मला फार बाणेदार वाटलं होतं.

"कोन मेला चालवतो ही साइट? त्याला काय धाड भरलीय?" मावशी म्हणाली.

मी नुसतं विचारलं, की मावशी, हा ब्लॉकर बसवला कुणी? तिने सांगितलं, मोबाइलच्या दुकानात बसवून घेतला, तिच्या सांगण्यावरून सगळ्या आळीने घेतला. का, ते तिने पापलेट निवडता निवडता सांगितलं.

पावसाळ्याआधीची गोष्ट. तिचा नवरा होडी घेऊन परत येत होता. खाडीच्या तोंडाशी त्याने पाणी किती वेळ राहील ते बघायला फोन काढला, तर स्क्रीनभर कसल्याशा गेमची जाहिरात. बंद करायची फुली मुंगीएवढी, बोटं ओली... फुलीऐवजी जाहिरातच दाबली गेली आणि भलतंच पान उघडलं. रेंज जेमतेम.

पुन्हा पुन्हा खटपट करेपर्यंत पाणी उतरलं आणि होडी गाळात बसली. पुढच्या भरतीपर्यंत तो तिथेच, उन्हात. बर्फाचं पाणी झालं, मासळी फेकून द्यावी लागली.

मी विचारलं, कुठल्या साइटवरची जाहिरात होती?

"हीच की गं, आनि कुठली!"

पूर्ण स्क्रीनची जाहिरात. गेल्या वर्षी सेटिंगमध्ये एक बटण दिसलं होतं, उत्पन्न वाढवा म्हणून. ते मीच चहा पिता पिता दाबलं होतं... आणि दाबून विसरूनही गेले होते.

मग मात्र लपवणं बरं वाटेना. म्हटलं, मावशी, ती साइट माझी आहे. फुलीही माझी आणि पाटीही माझीच.

आता शिव्या बसणार अशी माझी तयारी होती. मावशीने निवडलेली पापलेटं माझ्या हातात दिली.

"तू करतीस व्हय? मंग असं कशाला केलंस?" तिचा आवाज वर गेला नाही. "आमचा सासरा तिथीवरून पानी सांगायचा. पोरांना ते येत न्हाय आता. आमी तुज्यावर होड्या सोडतो, बाई."

ती टोपली उचलून गेली. मी पापलेटं हातात घेऊन पायरीवर बसून राहिले. खरं सांगते, मला लाज वाटली. आठ वर्षं मी त्या माणसांना साइटचा 'ट्रॅफिक' म्हणत होते.

शाळा दुपारची होती. निघण्याआधी पडदा काढला, स्क्रीनभर येणाऱ्या जाहिराती बंद केल्या. वेळांच्या खाली एक साधी जाहिरात ठेवली आहे, वर काहीही नाही. रिन्यू माझ्या पगारातून केलं. दरवर्षी जमेल की नाही, माहीत नाही.

ब्लॉकर वाईट की चांगला, यावर मला मत विचारू नका... दोन्ही बाजूंनी मीच आहे. जाहिरातीशिवाय साइट चालवणं कठीण असतं, हे आजही तितकंच खरं आहे.

गुरुवारी सकाळी आकडे बघितले. उजाडायच्या आत साठेक माणसं पानावर येऊन गेली होती आणि जाहिरात एकालाही दिसली नव्हती. शुक्रवारी मावशी आली तेव्हा टोपली भरलेली होती. होड्या वेळेत आल्या का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. तिनेच आपणहून सांगितलं, "आल्या गं सगल्या."