उंदीरमामाचा थेंब

प्रयोगशाळेत त्याला सगळे उंदीरमामा म्हणत. खरं नाव फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. उंदरांचे पिंजरे घासायचे, दाणापाणी बघायचं आणि त्यांना टबात सोडायचं, हे त्याचं काम.

विसरण्याच्या रोगाचे उंदीर होते ते. टबातल्या गढूळ पाण्याखाली एक चौथरा दडवलेला असे. रोगी उंदरांना त्याची जागा आठवत नसे, ते गोल गोल पोहून दमायचे. धुळीहूनही बारीक कणांत भरलेलं नवं औषध ज्यांना मिळालं, ते थेट चौथऱ्यावर चढायचे. मामा त्यांना टॉवेलने पुसायचा, शाबासकी द्यायचा. मग डॉक्टरबाई त्यांना घेऊन जायच्या, कारण मेंदू कापून पाहिल्याशिवाय औषध लागू पडलं हे कोण मानणार? हुशारीचं हे बक्षीस मामाला कधी पटलं नाही, पण पोटासाठी माणूस काय काय गिळतो.

मग यंत्र आलं. रक्ताच्या थेंबात तसलेच बारीक कण मिसळायचे. रोगाचा माग असेल तर ते चमकायचे, माणूस विसरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी. यंत्र पारखायला धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं, म्हणून बाईंनी प्रयोगशाळेतल्याच लोकांची बोटं टोचली. मामाने सगळ्यांच्या आधी बोट पुढे केलं.

त्याचा थेंब चमकला. यंत्र बिघडलंय म्हणत बाईंनी पुन्हा टोचलं. मग आणखी एकदा. त्यानंतर त्याचं बोट कोणी मागितलं नाही, आणि बाई त्याच्याशी फारच गोड बोलू लागल्या. मामा काही दूधखुळा नव्हता. त्याने सरळ विचारलं, आणि बाईंनी सरळ सांगितलं, एवढे त्यांचे उपकार.

"पण औषध आहे ना?"

"उंदरांसाठी आहे, मामा. माणसांपर्यंत यायला वर्षं जातील."

"तोवर मला बायको ओळखू येईल?"

बाईंनी यंत्रावर कापड ओढलं.

घरी बायको भाजी निवडत होती. तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत बसला.

"काय हो, पहिल्यांदा बघताय का?" ती हसून म्हणाली.

तिला सांगायचं त्याला धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा उंदीर पाण्यात पडताच सरळ चौथऱ्यावर जाऊन बसला. मामाने त्याला टॉवेलात घेतलं. बाईंनी हात पुढे केला. मामाने टॉवेल छातीशी धरला.

"बाई, ते औषध मला द्या. मग मलाही खुशाल कापा."

बाईंचे डोळे भरून आले, पण हात तसाच पुढे राहिला. उंदीर अजून ओलाच होता. मामाने त्याचे कान नीट पुसले आणि त्याला त्यांच्या हातात दिलं.