अकरा कोऱ्या रकान्यांसाठी अकोल्याला

अमरावतीहून अकोल्याला जायला काहीतरी निमित्त लागतं: लग्न, कोर्टाची तारीख नाहीतर कापसाचा बाजार. मी गेलो तो तहसीलदारांनी चारचौघांत कान उपटले म्हणून.

लढाईचे दिवस होते. ज्वारी, साखर, घासलेट, सगळं कार्डावर. कार्ड तहसीलीतून निघायचं, पण घरोघर जाऊन अर्ज भरायचं आणि माणसं खरी आहेत अशी सही करायचं काम सरकारने मोहल्ला कमिट्यांवर टाकलेलं. आमच्या कमिटीचा सेक्रेटरी मी. माझ्याकडे फौंटनपेन होतं आणि वकिलीत फारशी गर्दी नव्हती, या दोन गुणांवर माझी निवड एकमताने झाली. पहिल्याच बैठकीत मी नियम केला की माहिती घरच्याच माणसाच्या तोंडून घ्यायची, शेजाऱ्यापाजाऱ्याची ऐकीव चालणार नाही. कोर्टात माझं कुणी ऐकत नसे, इथे सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चार दिवस त्याच धुंदीत होतो.

परिणाम असा की अकरा अर्ज अडकले. सगळे अंबा नाल्याकाठच्या झोपड्यांतले, आणि अकराही ठिकाणी ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ हा रकाना कोरा. नवरे कामावर गेलेले, घरी बायका. त्यांतली पार्बती माझ्या चांगली लक्षात राहिली. सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, कापूस निवडायला जायची. नवरा रेल्वेच्या कामावर भुसावळकडे. नाव विचारलं तर म्हणाली, “गण्याचा बाप.” पुन्हा विचारलं तर पदर तोंडाला लावून जमिनीकडे बघत बसली. शेजारीण काही सांगायला पुढे आली, तिला मी हातानेच गप्प केलं. नवरा खरंच आहे की खाणारी तोंडं वाढवून सांगतेय, असा मला दाट संशय. अर्जावर मी झोकात शेरा मारला: ‘माहिती देण्यास नकार.’

तीन आठवडे गेले. तहसीलदार म्हणाले, “अकोल्यात मोर्णा नदीकाठच्या मोहल्ल्याचा एकही अर्ज अडलेला नाही. तुमचे अकरा! शनिवारी यादी बंद होते. राहतील त्यांना पुढच्या महिन्याशिवाय दाणा मिळणार नाही. जरा जाऊन बघून या.”

तिथे नक्की लबाडी चालत असणार, ती उघडी पाडून यायचं, असं मनाशी ठरवून मी गुरुवारी सकाळी निघालो. बायकोने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. “नाल्यावरच्या बायकांचं म्हणताय ना? अहो, पण मी काय म्हणते...” ती म्हणाली. “आल्यावर सांग,” मी म्हणालो आणि टांग्यात बसलो.

कुणाला हा प्रवास करायचा असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. अमरावतीची गाडी बडनेऱ्यापर्यंतच. तिथे उतरून मुंबईकडची मोठी गाडी धरायची, आणि ती वेळेवर येईल या भरवशावर पाणी भरायचं टाळायचं नाही. मी टाळलं. दुसरं, तिसऱ्या वर्गात काळा कोट घालून बसू नये. वैशाखात डब्याचा पत्रा असा तापतो की मूर्तिजापूर येईपर्यंत माझा वकिली रुबाब घामाबरोबर वाहून गेला. समोरच्या शेतकऱ्याने तांब्या पुढे केला. “घ्या जी, पेऊन घ्या. कोट काढून ठेवा नं, कोन पाहून राह्यलं!” मी पाणी प्यायलो, पण कोट काढला नाही. बाहेर नांगरलेली काळी रानं उन्हात भेगाळून पडली होती.

अकोल्याच्या स्टेशनावर टांगेवाल्याने चार आणे मागितले. मी घासाघीस करून पाचांवर आणले. उन्हाने डोकं इतकं फिरलं होतं की ही कामगिरी उतरल्यावर लक्षात आली.

तिथल्या कमिटीचे प्रमुख तुळशीरामजी, जमीनजुमला असलेले शेतकरी, उतारवयाचे. ना टेबल, ना घंटी. घरासमोरच्या निंबाखाली घोंगडी अंथरलेली. आधी मला भाकर, झुणका आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा वाढला. हात धुतल्यावर मी नियमावली मागितली.

“कायची नियमावली?” ते म्हणाले. “बसा, पाहा.”

एक बाई आली. अर्जातला नावाचा रकाना आला तशी तीही पदर तोंडाला लावून खाली बघू लागली. मी मनात म्हटलं, आता सापडली लबाडी. तुळशीरामजींनी घरात हाक मारली. त्यांच्या पत्नी शेवंताबाई बाहेर आल्या, त्या बाईला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, “घे वं बाई उखाणा, लाजू नको.”

बाई एकदम खणखणीत आवाजात म्हणाली:

“मोर्णेच्या काठाले बाभळीची साउली,
किसनरावचं नाव घेतो, कमिटी दारी आली!”

सगळे हसले. तुळशीरामजींनी लिहिलं, ‘किसन.’ अर्ज पुरा.

नवऱ्याचं नाव बायका घेत नाहीत हे मला काय माहीत नव्हतं? लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्या बायकोने मला ‘अहो’ सोडून दुसरं काही म्हटलेलं नाही. पण घरची गोष्ट ती घरची, आणि छापील रकाना तो सरकारी! तो पुढ्यात आला की माझी अक्कल गहाण पडते.

“तुमच्याइथं कसं करता?” तुळशीरामजींनी विचारलं.

मी ‘माहिती देण्यास नकार’ आणि तीन आठवडे अडकलेले अकरा अर्ज सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, “मंग त्या बायांनी तीन हप्ते काय खाल्लं जी?”

मी फौंटनपेनला टोपण लावून ते खिशात ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचलो तर ओट्यावर कमिटीचे दुसरे सभासद नानाजी बसलेले, निवृत्त मास्तर आणि नियमाला पक्के. म्हणाले, “तुमच्या घरचा अर्ज राहून गेला होता, भरायला आलो होतो. वहिनींना प्रमुखाचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं नाही. मला ठाऊक आहे, पण ऐकीव चालत नाही ना!” अर्जावर त्यांच्या सुरेख अक्षरात होतं: ‘माहिती देण्यास नकार.’

आतून बायकोचा आवाज आला:

“अकोल्याला जाऊन आले शिकायला कायदा,
विनायकरावांचं नाव घेते, साखरेचा तरी होऊ द्या फायदा!”

नानाजींनी गंभीरपणे शेरा खोडला.

शनिवारी सकाळी मी बायकोला घेऊन नाल्यावर गेलो. कोट घरीच ठेवला. पार्बतीच्या चुलीवर नुसती अंबाडीची भाजी शिजत होती, भाकरीचा पत्ता नव्हता. बायकोने तिला कुंकू लावलं. पार्बतीने माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाली:

“नाल्याकाठची झोपडी, कुडाले नाही दार,
सुखदेवरावचं नाव घेतो, खानारे आमी चार.”

मी लिहिलं, सही केली. दुपारपर्यंत अकराही रकाने भरले, यादी वेळेत तहसीलीत पोचली. सुखदेवचं नाव पहिलं घातलं, माझं शेवटी. त्याने काय होणार होतं म्हणा, पण घातलं.

तुळशीरामजींसारखी घोंगडी आता आमच्याकडेही आहे. अकोल्याचा तो ठेचा मी अजून सगळ्यांना सुचवतो. पण त्या प्रवासातलं सगळ्यात जास्त माझ्याजवळ राहिलं आहे ते पार्बतीचं बोलणं. मी कागद घडी घालत होतो, तेव्हा ती माझ्या बायकोला म्हणाली, “त्या दिसी तुमी काहून नाई आल्या, बाई? माह्यी लेकरं तवाबी उपाशीच होती.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.